बाहेरून लावलेलं दार

९ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. रागाने लिहिलंयस हे पाकिटावरच्या अक्षरावरूनच कळलं. चिडलीस की वेलांट्या पार वरच्या ओळीत नेऊन भिडवतेस, शाळेतली सवय. तरी पत्र आलं म्हणून बरं वाटलं. मी ठीक आहे, हे ठीक आहेत, जनावरं ठीक आहेत. तुझं पोट कसं आहे? पथ्य पाळतेयस, की नेहमीचं 'मला काही होत नाही' चालू आहे?

तुझा प्रश्न सरळ आहे. गुरुवारी ऑपरेशन, पुढे तीन आठवडे उचलाउचल बंद, मुलाला रजा मिळत नाही, आणि सख्ख्या बहिणीला दोन पत्रं टाकूनही तिच्या तोंडून धड 'हो' निघत नाही. येतेस की नाही ते एकदाचं सांग, असं तू लिहिलंस. या पत्रात सांगतेच. आधी जरा इकडचं ऐक.

या टाकलेल्या जनावरांच्या आश्रमातलं माकडांकडचं काम आता माझ्या हाताला चांगलं बसलंय. (डॉक्टरीणबाईंसमोर माकड म्हटलं तर तिथल्या तिथे शाळा घेतात, तेव्हा चिंपांझी.) सकाळी उकडलेली रताळी, भोपळ्याच्या फोडी आणि लापशीची बादली घेऊन मी त्यांच्या खोल्यांशी जाते. बादलीची कडी वाजली की आत नुसता गोंधळ. सगळ्यांत मोठा नर मुकादम. नाव त्याला शोभतं. स्वतः काडी हलवत नाही, सगळ्यांवर डोळा ठेवतो. अंगात आलं की तोंडात पाणी धरून बसतो आणि कुणी जवळ आलं की अचूक तोंडावर पिचकारी. मला अजून एकदाही मारलेली नाही, आणि याचा मला किती गर्व आहे ते लिहायला लाज वाटते. दुसरी म्हातारी मावशी. तिची सारी उमर कुठल्याशा प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात गेली. इथे एवढं मोकळं अंगण आहे, पण ती गवतावर पाय ठेवत नाही. भिंतीकडेच्या सिमेंटच्या पट्टीवरून जाते आणि तिथूनच परत येते.

खोल्या झाडायच्या तर आधी त्यांना अंगणात सोडायचं, मधलं सरकतं दार ओढायचं, कुलूप लावायचं. तिथे एक नियम आहे. कुलूप लावणारा मोठ्याने म्हणतो, "लागलं." मग दुसऱ्याने स्वतः येऊन ते हिसडायचं आणि म्हणायचं, "बघितलं." हे दोन शब्द झाल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही, आश्रमाचे साहेब असोत की आणखी कोणी. माझ्या जोडीला जो आहे त्याला आम्ही जांभई म्हणतो, कारण तो सकाळभर तेच करतो. पण कुलूप हिसडताना त्याचीही झोप उडते.

ह्यांच्या हाताचं विचारलंयस. घाव भरून आला. दोन बोटं गेली ती गेलीच, पण जखम छान सुकली. जाळीत अडकलेला पेंढा काढायला हे गेले आणि मुकादमाने हात आत ओढून चावा घेतला, एवढंच झालं. साहेबांनी तेव्हा मोठ्या मनाने कामं बदलून दिली. ह्यांनी लांबच्या गोठ्यातली म्हातारी गुरं बघायची, आणि मी गोठ्यातली, ती ह्यांच्या जागी चिंपांझींकडे. हात बरा होईपर्यंत.

तर येण्याचं म्हणशील, तर लांबच्या गोठ्यातली एक गाय व्यायला टेकली आहे, आणि अशा वेळी

नाही. हे वाक्य मी खोडत नाही, तसंच राहू दे. व्यायला टेकलेली गाय वगैरे कुणी नाही, ताई. आमच्याकडची गुरं भाकड, दुग्धालयांनी टाकून दिलेली, काहींना तर धड उभंही राहवत नाही. तू गुरांत वाढलेली बाई, तुला मी काय फसवणार! फोनवर खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला होता, पण फोन ऑफिसात, आणि तिथे सगळे कान टवकारून बसलेले असतात. म्हणून पत्र.

खरं असं आहे की हे गोठ्यात जात नाहीत. कुठेच जात नाहीत. पट्टी सुटली त्या आठवड्यात गेले होते. गुरं म्हणजे किती गरीब, तुला माहीतच आहे. एका बैलाने चाटायला जीभ काढली आणि हे गव्हाणीत पडले. तिथून उठायला तयार होईनात. मी हाताला धरून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आजचा दिवस तू बघ." ताई, तो आजचा दिवस अजून चालू आहे. उजाडायच्या आत मी लांबच्या गोठ्यात जाते, शेण काढते, वैरण टाकते, पाणी भरते, मग हात धुऊन चिंपांझींकडे. संध्याकाळी पुन्हा तेच. लांबचा गोठा पार कुंपणाशी, तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. साहेब विचारतात, "काय, दिसत नाहीत हल्ली?" मी म्हणते, "गेले की सकाळीच, गुरं सोडवत नाहीत त्यांना." हे वाक्य मी आता इतकं सहज म्हणते की माझं मलाच खरं वाटतं.

साहेब वाईट नाहीत. पण जागा काम करणाऱ्याला आहे. काम सुटलं की ही दोन खोल्यांची जागाही गेली. या वयात सामान घेऊन कुठे उभं राहायचं?

एवढं कळल्यावर तू म्हणशील, ठीक आहे, माणूस घाबरलाय, घाबरू दे, चार दिवस शेजाऱ्यापाजाऱ्याला सांगून ये. अजून एक राहिलंय. ते लिहायचं म्हणून सकाळपासून कागद पुढ्यात घेऊन बसले आहे.

एका सकाळी मी घाईत निघाले. हाताला जी सवय लागली होती तिनेच दार ओढलं, बाहेरून कडी घातली, कुलूप लावलं. चक्क तोंडाने "लागलं" म्हटलं आणि चालू लागले. दुपारी चिंपांझींना फळं वाटताना एकदम आठवलं. टोपली जांभईच्या हातात कोंबून धावत सुटले. वाटभर मनात हेच, की ओरडून ओरडून दमले असतील, शेजारी गोळा झाले असतील, आता सगळं उघडं पडणार. कुलूप काढून पाहते तो हे अंघोळ करून, दाढी करून, खिडकीपाशी बसले होते. चहा करून प्याले होते. कित्येक दिवसांत मी त्यांचा चेहरा इतका ताप उतरल्यासारखा निवांत पाहिला नव्हता.

"अहो, हाक नाही का मारायची? समोरून माणसं जात होती ना!"

"कशाला? बरं वाटलं."

"कसलं बरं?"

"कुणी आत येणार नाही म्हटल्यावर झोप लागली गं."

दुसऱ्या दिवशी मी निघताना स्वतःच म्हणाले, "अगं, लावून जा." मी हसण्यावारी नेलं. ते हसले नाहीत. मग लावलं. आणि आतून त्यांनी दार हिसडून पाहिलं आणि म्हणाले, "बघितलं."

तेव्हापासून रोज हेच चाललं आहे. मी बाहेरून म्हणते, ते आतून म्हणतात. शेजारणीला सांगितलंय, हे पहाटेच गोठ्यात जातात म्हणून कुलूप असतं. खिडकीचा पडदा ओढलेला असतो. दुपारी मी येते, डबा ठेवते, परत लावते. दिवसभर माझ्या कमरेला दोन किल्ल्या असतात, एक तिथली आणि एक घरची, आणि हात आपोआप तिकडे जातो. आता तूच सांग, मी तीन आठवडे कुणाच्या हातात ही किल्ली देऊन येऊ?

तू लगेच डॉक्टर काढशील. मला ठाऊक आहे, तुझी जीभ आता वळवळत असेल. डॉक्टरीणबाई जनावरांच्या, पण माणसांचंही त्यांना कळतं. परवा मावशीचे दात तपासताना सहज म्हणाल्या, "त्यांना भेटून बरेच दिवस झाले. बोटं गेलेल्या माणसाला कधीकधी आतून जास्त लागलेलं असतं. त्यावर उपचार असतात, लाजायचं नसतं. पाठवा एकदा." किती सोपं करून दिलं होतं त्यांनी! 'येतील' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "ते अगदी मजेत आहेत."

असं का म्हणाले, ते विचारू नकोस. नाही, विचार. तू नाही विचारणार तर कोण?

ताई, आयुष्यभर मी शेणाची पाटी उचलली. ह्यांच्या अंगावर गणवेश, ह्यांना पाहुणे प्रश्न विचारणार, फोटोत हे, आणि मी मागे कुठेतरी खराटा घेऊन. आता मुकादम माझी चाहूल लागली की ओठ पुढे काढून आवाज करतो. मावशी आपली पाठ जाळीला टेकवते आणि लांब दांड्याच्या ब्रशने मी खाजवेपर्यंत हलत नाही. डॉक्टरीणबाई औषध देताना मला विचारून देतात. हे बरे झाले की हे सगळं त्यांचं त्यांना परत जाणार. मला हे आवडतं गं. इतकं आवडतं की नवरा बरा होऊ नये असं एखाद्या सकाळी मनात येऊन जातं, आणि मग मी त्यांच्यासाठी जास्त प्रेमाने स्वयंपाक करते. माझ्याइतकी दुष्ट बाई तू पाहिली नसशील. मलाच माझी किळस येते, तरी सकाळी गणवेशाची बटणं लावताना आनंद होतोच.

तुझं पत्र बुधवारी आलं. वाचून रडले. गुरुवारी ठरवलं, पुरे झालं हे सोंग. जेवण झाकून ठेवलं, दार नुसतं लोटलं, कडी घातली नाही. मुद्दाम "लागलं" म्हटलं नाही. आतूनही काही आवाज आला नाही. मला वाटलं, झोपले असतील. दिवसभर कामात लक्ष लागेना. जांभईसुद्धा म्हणाला, "वहिनी, आज तुम्हीच पेंगताय." एक मन म्हणे, दार मोकळं पाहून ते ओसरीपर्यंत तरी आले असतील. दुसरं मन म्हणे, आले असले तर उद्यापासून गणवेश कुणाचा? दुपारी मुद्दाम घरी गेले नाही.

संध्याकाळी जाऊन दार ढकललं तर हलेना. खांद्याने रेटलं, तरी नाही. आत त्यांनी कपाट सरकवून आणलं होतं, आपलं जुनं लोखंडी, जे हलवायला आपल्याला तिघं लागायची. त्या तसल्या हाताने. मी बाहेरून हाका मारतेय, आणि आतून ते अगदी समजुतीच्या आवाजात म्हणतात, "तू कुलूप विसरलीस. असं करू नकोस पुन्हा."

कपाट बाजूला व्हायला खूप वेळ लागला. आत गेले तर हात रक्ताळलेला, जुनी जखम पुन्हा उघडली होती. मी ती धुतली. धुताना त्यांनी विचारलं, "उद्या लावशील ना?"

मी 'लावीन' म्हणाले. आणि ताई, माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. दुःख नाही झालं मला, सुटल्यासारखं वाटलं. हे मी तुझ्याशिवाय कुणालाही लिहू शकणार नाही. काल लावलं. आजही लावूनच इथे चिंपांझींच्या स्वयंपाकघरात येऊन बसले आहे आणि तुला लिहिते आहे.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मी येत नाही. गुरुवारी तुझ्या उशाशी मी नसेन. भावजी गेले तेव्हा तू कुणापुढे हात पसरला नाहीस, आणि आता पहिल्यांदा काही मागितलंस ते मला देता येत नाही. शेजारच्या मास्तरीणबाईंना सांग, त्या तुझा शब्द मोडणार नाहीत. मनाला वाटेल तेवढं मला बोल. पण ऑपरेशन पुढे ढकलू नकोस, माझी शपथ आहे तुला.

दुसरं एक मागते. इथल्या ऑफिसचा नंबर तुझ्याकडे आहे. डॉक्टरीणबाई सकाळी दहाच्या सुमारास तिथेच असतात. त्यांना फोन करून हे सगळं सांग, माझं मन बदलण्याआधी सांग. माझी परवानगी मागू नकोस आणि मला आधी कळवू नकोस. कळवलंस तर मी 'नको' म्हणेन, शपथा घालेन, तू खोटं बोलतेस असंही त्यांना सांगेन. तेव्हा माझं ऐकू नकोस. जागा जाईल, गणवेश जाईल, हे मला आयुष्यात माफ करणार नाहीत. तरीही सांग.

भाजीची गाडी आता निघेल. ड्रायव्हर टपालपेटीत टाकतो म्हणालाय. तो हॉर्न देतोय, म्हणून परत वाचत नाही. वाचलं तर पाठवणार नाही.

गुरुवारी भूल देताना घाबरू नकोस.

तुझ्या फोनला भिणारी आणि त्याचीच वाट बघणारी,
तुझी धाकटी