अम्माच्या गुडघ्याचा पट्टा

अर्विंग, टेक्सास
९ नोव्हेंबर

प्रिय अक्का,

तुला आणि अम्मा-नान्नांना नमस्कार, त्यातून अम्माला दोनदा.

हे पत्र हरिताबरोबर पाठवतेय. हरिता म्हणजे माझी रूममेट, भावाच्या लग्नाला वरंगळला निघालीय. तिच्या बॅगेत अम्मासाठी गुडघ्याचा पट्टा आहे, तुझं क्रीम आहे आणि नान्नांचे बदाम. "बॅग माझी आणि सामान तुझ्या खानदानाचं," म्हणून कुरकुरली, पण घेतलं बिचारीने.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. अगं, फोनवर अम्मा तुला चिकटून बसलेली असते आणि तू लगेच स्पीकर लावतेस. मग 'जेवलीस का', 'थंडी आहे का', यापुढे गाडी जातच नाही.

तर, जेवते. थंडी आहे. आवकाय लोणच्याची बरणी संपली. तळातलं तेलसुद्धा सतीश अण्णांनी भाताला लावून खाल्लं. हे वरच्या मजल्यावरचे आमचे सीनियर. व्हिसा, भाडं, लग्न, कशावरही सल्ला तयार असतो, न मागता.

अम्माचे गुडघे खरंच किती दुखतात गं? ती मला सांगत नाही. तूही सांगत नाहीस. मागच्या व्हिडिओ कॉलमध्ये भिंत धरून उठली ते मी पाहिलं, आणि तू पटकन कॅमेरा तुळशीकडे फिरवलास ते पण पाहिलं. मी काय आंधळी आहे?

हे त्या फेऱ्यांनी झालं, माहितेय मला. शिकून झाल्यावर कामाला एक वर्ष मिळतं, आणि आम्हा सायन्सवाल्यांना वर दोन वर्षं वाढवून मिळतात. त्या वाढीव मुदतीसाठी मी अर्ज केला तेव्हा अम्माने व्हिसाबालाजीच्या देवळाला अकरा फेऱ्या घालून मागणं घातलं. कामाच्या परवान्याचं कार्ड आलं आणि ती तडक नवस फेडायला गेली. एकशे आठ! उन्हाळ्यात, अनवाणी, त्या तापलेल्या फरशीवर. मी म्हटलं, निम्म्या अक्काला घालू दे. तर म्हणाली, "देवाकडे काय वाटून घेतात का? पोर माझी, पाय माझे."

कार्ड अजून माझ्या पर्समध्ये आहे. माझा तो झोपाळू फोटो आहे त्यावर, आणि मुदत संपायची तारीख अजून वर्षभर पुढची आहे.

आमची लॅब मार्चमध्ये बंद पडली, हे तुला ठाऊक आहे. पण नोकरीशिवाय इथे किती दिवस बसता येतं याला मर्यादा असते, हे मी तुला नीट सांगितलं नव्हतं. सतीश अण्णा म्हणाले, "चिन्नी, घाबरतेस काय एवढी? एखाद्या प्रोफेसरकडे फुकट काम धर. आठवड्याचे तास भरले की ते दिवस बेकारीचे म्हणून मोजतच नाहीत. मी तेच केलं, बाजूच्या फ्लॅटमधल्या चौघांनी तेच केलं." आपल्याकडची सगळी पोरं तेच करतात, अक्का. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारायला भीती वाटते. विचारलं आणि तिथेच काही निघालं तर? त्यापेक्षा सीनियरला विचारलेलं बरं.

मग मी उन्हाळाभर एका प्रोफेसरबाईंकडे राबले. बाटल्या घासल्या, पेशी वाढवल्या, त्यांच्या नव्या पोरांना शिकवलं. बाई खूश. मीही खूशच होते गं. रोज वाटायचं, आजचा दिवस वाचला.

आणि ऑक्टोबरात नोकरी लागली. हो, लागली! औषधांची चांगली कंपनी, माझ्याच विषयाचं काम. तुला फोन करणार होते, पण म्हटलं आधी कॉलेजच्या ऑफिसात नोंद करू, मग सगळ्यांना एकदम सांगू. हरिताने आणलेली पूतरेकुलुची मिठाई डब्यात भरून घेतली, तिथल्या डायनाबाईंना द्यायला. फार मायाळू बाई आहे. तिने कॉम्प्युटरवर बघितलं. मग पुन्हा बघितलं.

"मधले महिने कुठे होतीस?"

मी ऐटीत सांगितलं, "प्रोफेसरबाईंकडे. बिनपगारी."

बाईने चष्माच काढला. "अगं पोरी, ते पहिल्या वर्षी चालतं. वाढीव मुदतीत पगारी कामच लागतं. नोकरीशिवायचे तुझे दिवस तर उन्हाळ्यातच संपले, आता कार्डावर तारीख असून उपयोग नाही." मग म्हणाली, "एकदा येऊन विचारायचं होतंस गं."

माझ्या हातात डबा होता. मी तो तिच्या टेबलावर ठेवला आणि खायला सांगितलं.

सतीश अण्णांना सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. त्यांनी हे पहिल्या वर्षात केलेलं, तेवढंच त्यांना माहीत. मग लगेच दुसरा सल्ला. कुठल्यातरी कॉलेजात नाव घाल, नाहीतर एक जण पगार मिळतोय असं नुसतं कागदावर दाखवतो, त्याला भेट. हरिता त्यांच्यावर ओरडली, "अण्णा, आता तरी गप्प बसा!" ते खाली मान घालून जिना चढून गेले. मला त्यांचा राग येत नाही. माझाच येतो, तोही रात्री अंथरुणात. दिवसा सामान बांधायचं असतं.

हो, सामान बांधतेय. मी परत येतेय, अक्का. कंपनीला येत नाही असं कळवलं. बावीस तारखेला पहाटे शमशाबाद विमानतळावर उतरते. तू एकटीच ये. अम्माला आणू नकोस. ती आली तर आधी माझ्या बॅगा मोजेल, आणि एवढ्या बॅगा सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या नसतात.

घरी गेल्यावर मीच सांगेन तिला. रडली तर रडू दे, मला चालेल. भीती वेगळीच आहे. ती रडणार नाही, पदर खोचेल आणि "चला, परत मागू या" म्हणून देवळात निघेल. तिला अडव. सांग की या वेळी मागायला चिन्नी स्वतः जाणार आहे. काय मागायचं ते अजून मला सुचलेलं नाही, पण तिला एवढं सांगू नकोस.

आणि तो पट्टा मी येईपर्यंत लपवून ठेव. हातात पडला तर बांधून फेऱ्यांना निघेल.

तुझी चिन्नी,
अजून वर्षभर चालणाऱ्या कार्डाची मालकीण,
हिमजा