बोलून राहिल्या, लवकर या

बाबा, दवाखान्यातून आलो तो चहा न घेताच लिहायला बसलो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज पुन्हा तुमच्यावर चिडलो आहे.

रेल्वेतून रिटायर झाल्यापासून मी बडनेऱ्याहून अमरावतीला एका दवाखान्यात जातो, दारातल्या मदतीच्या टेबलावर बसतो. पगार नाही, बिल्ला आहे. भेटायला आलेल्यांना वॉर्ड दाखवायचा, डबा आत पोचवायचा, दोघंच जा म्हणून शिव्या खायच्या, आणि पेशंटच्या घरी फोन करायचा. माणूस गेलं असलं तरी फोनवर तसं सांगायचं नाही, हे तुमच्याकडूनच शिकलो. आई गेली तेव्हा तुम्ही मला अकोल्याला फोन केला होता, "बोलून राहिली, लवकर ये." म्हणजे अजून बोलतेय, शुद्धीवर आहे. मी तिच्यासाठी संत्री घेऊन आलो हो! अंगणातली माणसं पाहून तुमच्यावर ओरडलो, तर म्हणालात, "रस्त्यात तुले काही झालं असतं तं?" मग मीही लोकांना तसंच सांगत आलो. भलंच करून राहिलो असं वाटे.

आज सकाळी दहाला भाजी विकणारी एक म्हातारी हात धरून म्हणाली, "माह्या पोरीले बलाव रे बापू. एकडाव पाहू दे तिले." संध्याकाळ दिसणार नाही, असं डॉक्टर बोलले होते. पोर अचलपूरला दिलेली. मी फोन केला, "मावशी बोलून राहिल्या, तुमचंच नाव घेऊन राहिल्या. पहिली गाडी पकडा."

"हो जी, समजलं मले," इतकंच म्हणाली. रडली नाही. केवढी धीराची बाई, असं वाटलं मला. काय अक्कल माझी!

म्हातारी सारखी दाराकडे पाही. "आली का रे?" मी म्हणे, "येऊन राहिली." दोनच्या सुमारास ती गेली. पोर तीनला आली, जीप करून, चार बायामाणसं आणि मामाला घेऊन. मामाच्या हातात नवी साडी. माहेरची साडी नेसवल्याशिवाय गेलेल्या बाईला उचलत नाहीत, म्हणून ती दहापासून मामा साडी घेऊन यायची वाट पाहत घरीच थांबली होती. आई गेलीच असं धरून. मी खरं बोललो होतो, पण ते खरं वाटायचं कारणच नव्हतं.

"सासरे गेले तवाबी तुमीच फोन केला होता, बोलून राह्यले म्हून," ती म्हणाली. रागानं नाही, सहज. मग विचारलं, "माय किती वाजता गेली जी?"

"तुम्हाला फोन केला त्याच्या आधीच," मी म्हणालो. "झोपेतच गेल्या. काही बोलल्या नाहीत."

तिनं मान हलवली आणि आत गेली. उद्या त्या टेबलावर बसून कोणाला काय सांगू? खरं सांगितलं तरी लोक मरणच समजणार, आणि हे मीच करून ठेवलं आहे.

बाबा, आई झोपेतच गेली, काही बोलली नाही, असं तुम्हीही मला सांगितलं होतं. मी मानलं होतं. आता मानता येत नाही. आणि खरं सांगू? तुम्ही असतात तरी हे पत्र मी टाकलं नसतं. उत्तराची भीती वाटते.