सोहमने लावलेली हिंदी

खामगाव,
६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शारदास,
अनेक आशीर्वाद. इथे थंडी ओसरली. आम्ही दोघं ठीक.

रविवारी सोहम गाडी घेऊन दादांना कायमचं पुण्याला न्यायला येणार, असं तू फोनवर परस्पर ठरवलंस आणि मला बोलू न देता फोन ठेवलास, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे.

सोहमला पाठवू नकोस.

तुझं म्हणणं मी नीट ऐकलं. "वहिनी, त्यांच्या कानावर माणसांची भाषा पडू द्या. तुम्ही त्यांना त्या चिनी टीव्हीपुढे बसवून ठेवता." पहिली गोष्ट, ते चिनी नाही, कोरियन आहे. पुण्यात राहून एवढं तरी कळायला हवं होतं.

तू सांगितलेल्या मराठी मालिका आम्ही आधी पाहिल्या. त्यांतल्या बाया झोपतानाही शालू नेसतात आणि चहात साखर कमी पडली तरी वीज कडाडते. तेही मी सोसलं असतं. पण मेंदूच्या झटक्यानंतर दादांना शब्द ऐकू येतात, अर्थ लागत नाही, हे डॉक्टरांनी तुझ्यादेखत सांगितलं होतं. आपल्याच भाषेत लोक बोलतात आणि आपल्याला कळत नाही, याची त्यांना लाज वाटते. ते माझ्याकडे बघून मान हलवायचे, कळल्यासारखी. कापसाच्या बाजारात ज्याचा शब्द चालायचा, त्याने बायकोपुढे असं सोंग करायचं. मी टीव्ही बंद करायची.

मग एकदा कामाच्या झुंबरबाईने ओल्या फडक्याने रिमोट पुसला आणि कोरियन माणसं बोलायला लागली. ती फडकं हातात धरून उभीच राहिली. "काय बोलून राह्यले हे लोकं? तुमाले तरी समजते का बाई?"

"नाही," मी म्हटलं.

दादा वळून माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी मान हलवली नाही. चॅनल बदलू दिलं नाही.

मालिका म्हणशील तर टाकाऊच. रश्श्याची खानावळ, तिच्यावर भांडणारी तीन भावंडं आणि सदा रुसलेली म्हातारी. सगळे दर दहा मिनिटांनी जेवतात. छत्री हातात असून पावसात भिजतात. घरात शिरताना चपला बदलतात, तेवढं मला पटलं. त्यातली थोरली सून एकदा पिशवी भरून दारात उभी राहिली. मी म्हटलं, गेली ही. तेव्हा दादांनी खांद्यावरचा रुमाल ओढला, माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी दोन बोटं दाबली.

तुझ्या बापाच्या अडतीवर तू वाढलीस, तेव्हा रुमालाखाली बोटं दाबून भाव कसा ठरतो हे तुला सांगायला नको. दोन भागांत परत येईल, असा त्यांचा सौदा होता. ती आली. दादा हसले, चांगले आवाज करून. झुंबरबाई स्वयंपाकघरातून धावत आली.

तेव्हापासून आमचा रोज सौदा होतो. बहुतेक वेळा मीच हरते. टीव्हीवर खाली इंग्रजीत अर्थ येतो. बी.ए.ला माझं इंग्रजी होतं, मला सगळं वाचता येतं. शेजारच्या समीक्षाकडून मी तो बंद करून घेतला. नाहीतर माझ्याकडून लबाडी झाली असती.

परवा तुम्ही आलात आणि सोहमने मामांची सोय म्हणून ती माणसं हिंदीत बोलायला लावली. तू कौतुकाने बघत होतीस. दादांनी माझा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. तुला वाटलं, त्यांना झोप आली. जाताना तू त्यांचा रुमाल मळका म्हणून धुण्यात टाकलास आणि मांडीवर पांढरा नॅपकिन ठेवलास. केळं, गाय आणि बस यांच्या चित्रांचा डबाही ठेवलास. बोलण्याचा सराव घेणाऱ्या अकोल्याच्या बाई अशीच कार्डं दर मंगळवारी दाखवतात. तो सराव चालू आहे, चालू राहील. त्यासाठी पुणं लागत नाही.

तुला भाऊ हवा आहे, हे मला कळतं. तर ये. मुक्कामाला ये, शेजारी बस आणि तोंड बंद ठेव. पण त्यांना नेऊ नकोस. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, ह्या माणसाने चारचौघांत कधी माझा हात धरला नाही. आता झुंबरबाईसमोर धरतात.

तुझी वहिनी,
अन्नपूर्णा

ता. क. आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आपल्या गल्लीतला गोविंदा पुण्याला येतो आहे. त्याच्या हाती पत्रासोबत दिलं: चित्रांचा डबा, सोहमचा विसरलेला चार्जर, पांढरा नॅपकिन घडी न मोडता. दादांचे कपडे दिलेले नाहीत. रुमाल धुऊन वाळला आहे, तो इथेच लागतो.