जामखेडला पाठवायचं चित्र

३ डिसेंबर ७२, रवि.

उपासनेहून परतताना सौ.ने रस्त्यातच नाताळच्या कार्डांची यादी काढली. तेवीस नावं, दरवर्षीचीच, त्याच क्रमानं. पहिले पाळकसाहेब, दुसरा तिचा भाऊ. (धर्मापाठोपाठ माहेर. योग्यच.)

यंदा खाली चोविसावं नाव घातलं. जामखेडचे नाना, आमचे व्याही. आमच्या प्रकाशनं त्यांच्या वासंतीशी नोंदणीनं लग्न केलं त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी लेकीचं नाव टाकलंय. ख्रिस्ती घर नडलं. माझी चार पत्रं गेली, चांगली चारचार पानी. उत्तर नाही.

वासंतीला आठवा सरत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ती पुण्याहून आमच्याकडे नगरला आलीय. तक्रार करत नाही. पण आज भाकरी थापता थापता सौ.ला म्हणाली, "आमच्या आईला निदान कळलं तरी असेल का हो?"

रात्रीच्या जेवणात सौ. मला: "या खेपेला पत्र नको. तुमचं पत्र वाचायला माणूस पेन्शनीत निघालेला लागतो."

म्हणणं रास्त. पत्र न वाचता फडताळात टाकता येतं. चित्र न बघता टाकता येत नाही. शिवाय विहीणबाईंना अक्षरओळख बेताची.

५ डिसें., मंगळ.

कापडबाजारात वहीवाल्या शेटजींकडे. त्यांनी खोका उघडला आणि म्हणाले, "मास्तर, बर्फाचं घ्या. यंदा तेवढंच पाणी बघायला मिळणार." आमच्या विहिरीनं दिवाळीतच तळ गाठला; इथे छपरांवर हातहात बर्फ. एक लाल छातीचा पक्षी निदान पंधरा कार्डांवर. कोण हा, शेटजींना माहीत नाही, मलाही नाही. बेथलेहेमात नव्हता, एवढं खात्रीनं सांगतो.

संस्कृतचा मास्तर, तेव्हा कार्डं शाळेसाठी नेत असणार, अशी त्यांची समजूत. दरवर्षी सांगतो की नाताळ माझ्याच घरी असतो. "असं व्हय?" म्हणतात. दरवर्षी नव्यानं.

तीस कार्डं आणली. सहा जास्त. व्याह्यांसाठी निवडीला वाव हवा.

७ डिसें., गुरु.

संध्याकाळी सतरंजीवर सगळी मांडली. तेवीस जणांची पाऊण तासात लागली. मेव्हण्याला मुलं चार, म्हणून फुगल्या पोत्याचा सांताक्लॉज. शाळेतून निवृत्त झालेल्या रंगनाथ शिपायाला घंटा. तीस वर्षं त्यानंच वाजवली.

मग चोविसावं.

मायलेकराचं चित्र सौ.ला पसंत. वासंती म्हणाली, "नको. आई रडेल, आणि नाना म्हणतील, हिला रडवायलाच पाठवलंय."

चर्चचं? "ते उंबऱ्यावरूनच परत येईल, पपा."

पक्षी? "पक्ष्याचं काय?" खरंच, पक्ष्याचं काय.

एक चित्र मात्र फार सुरेख. उतारशाळेच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, दाराशी योसेफ, मागे गाढवावर मरीया, एक हात पोटाशी. दारातल्या माणसानं हात आडवा धरलाय. मी बोलून गेलो, "हे तर जामखेडला थेट लागू पडतं."

वासंती कार्डांची टोकं जुळवत राहिली. मग हळूच, "पपा, टोमणा ओळखायला नानांना तुमचं शास्त्र वाचावं लागत नाही."

ते पाळकसाहेबांच्या वाट्याला घातलं, त्यांचं आधीचं काढून. तीस वर्षं मुलांना वाणीचा संयम शिकवतोय. स्वतःला केव्हा शिकवणार?

शेवटी निवड तिचीच. बुटकी माळवदाची घरं, अंधार, वर एक तारा. "हे आमच्या गल्लीसारखं दिसतं," म्हणाली. आत मी लिहिलं: 'चि. वासंतीची प्रकृती उत्तम. आठवा सरत आला. आम्ही वाट पाहतो.' बाकी सगळ्या कार्डांत नुसत्या सह्या.

सौ.: "एवढं थोडं लिहिता येतं तुम्हांला?"

१० डिसें., रवि.

पत्ते घालायला बसलो. सौ.ने कार्डं यादीच्या क्रमानं रचून ठेवलेली. मनात आलं, व्याही आणि चोविसावे? शोभत नाही. पहिल्या पाकिटावर त्यांचा पत्ता घातला, मग पाळकसाहेब, मग बाकीचे. मुलीकडची मंडळी, मान त्यांचा. पाकिटांचा गठ्ठा सौ.कडे दिला आणि वह्या तपासायला गेलो. तिनं एकेक कार्ड भरलं, चिकटवलं. दुपारी मीच टाकून आलो. जामखेडचं पेटीत पडल्याचा आवाज नीट ऐकला.

१७ डिसें., रवि.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी हात जरा थंडपणे दाबला. "कार्ड मिळालं. उद्बोधक आहे." त्यांचा शब्द वजनी. पण उद्बोधक? उतारशाळा?

जामखेडहून काही नाही. वासंती टपालाच्या वेळी बाहेर येत नाही. मात्र त्या वेळी आत भांडीही वाजत नाहीत.

१८ डिसें., सोम.

रंगनाथ आला, काखेत कार्ड. ओट्यावर टेकला, पाणी प्याला, मग:

"सर, चित्र लई झ्याक हाय. पन आतलं कळंना. वासंती कोन? आन् आठवा कुनाचा? माज्या लेकीला तर मागल्याच म्हयन्यात पोरगी झाली."

मी कार्ड पाहिलं. माळवदं. तारा. माझं अक्षर.

"म्हातारी सकाळधरनं बोलंना माज्याशी," रंगनाथ म्हणाला. "म्हनती, तुमी कुटं काय करून तर न्हाई ना ठिवलं?"

एरवी आठवडाभर हसलो असतो. पाकिटांचा क्रम मी बदलला, कार्डांचा तसाच राहिला. सगळी एकेक घर सरकली. शेवटच्याला व्याह्यांचं. पाळकसाहेबांना सांताक्लॉज, पोत्यासकट. आणि व्याह्यांना पाळकसाहेबांचं. अडवलेलं दार, आडवा हात. खाली आम्हां दोघांच्या सह्या, जाडजूड.

वासंतीनं आतून सगळं ऐकलं होतं. बाहेर आली, रंगनाथला चहा दिला, म्हणाली, "वासंती मीच." तो बिचारा उठून उभा राहिला.

नंतर मी: खुलाशाचं पत्र टाकतो. सौ.: "खुलासा केलात की मुद्दाम पाठवलं असं ठरेल." दुसरं कार्ड? "तेच." सौ.चं मत अव्ययासारखं, कुठल्याही विभक्तीत बदलत नाही.

वासंती एवढंच बोलली, "गेलं ते गेलं, पपा." जेवली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

माझा मान, माझी यादी. आणि तिची शेवटची वाट मी बुजवली.

२१ डिसें., गुरु.

तपासणी. डॉक्टरीणबाई म्हणतात, सगळं ठीक, जानेवारीचा पहिला पंधरवडा. वासंतीला विचारलं, "आई येणार ना जवळ?" ती म्हणाली, "या आहेत ना," आणि सौ.कडे बोट दाखवलं. सौ. परतताना टांग्यात सबंध वाट बाहेरच बघत होती.

२५ डिसें., सोम. नाताळ.

प्रकाश पहाटेच्या गाडीनं आला. करंज्या थोड्या, साखर आणि तेल दोन्ही जपून. आलेली कार्डं दोऱ्यावर टांगली, एकोणीस. वासंतीनं स्वतः टांगली, खुर्चीवर चढू दिलं नाही म्हणून प्रकाशशी भांडली. घर हसलं जरा.

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. पोत्याचा गैरसमज मिटला. म्हणाले, "मला वाटलं, दुष्काळनिधीला धान्य कमी दिलं म्हणून बोलताय."

२८ डिसें., गुरु.

जामखेडचं पोस्टकार्ड.

मी दारातच उभ्यानं वाचलं, मग आत जाऊन मोठ्यानं. उतरवून ठेवतो:

'सा. न. वि. वि. आपण धाडलेले चित्र पावले. घरातून विचारणा होते की, दिवस भरत आलेल्या स्थितीत सदर बाई गाढवावर बसून परगावी का निघाली. बाळंतपणास माहेरी का गेली नाही. व तिची आई कोठे होती. माहीत असल्यास कळवावे.'

खाली सही. आशीर्वाद नाही, लेकीचं नाव नाही. पण 'सा. न. वि. वि.' आहे. दोन वर्षांत पहिल्यांदा.

वासंतीनं कार्ड मागून घेतलं. 'घरातून' या शब्दावर अंगठा ठेवून बसली. "आईनं रोज विचारलं असणार," म्हणाली. "त्याशिवाय नाना लिहीत नाहीत."

२९ डिसें., शुक्र.

पन्नास वर्षं ही गोष्ट ऐकतोय. मेंढपाळ कुठून आले ते माहीत, पूर्वेकडच्या मागी ज्ञान्यांनी काय आणलं ते माहीत. त्या मुलीची आई कुठे होती, हे मला कधी सुचलंच नाही. जामखेडच्या बाईंना एका चित्रात सुचलं.

पाळकसाहेबांकडे गेलो. चष्मा लावला, पानं उलटली. "नावनिशीसाठी, शिरगणतीला, निघाले हे आहे. आईचा उल्लेख नाही." पुन्हा उलटली. मग पुस्तक मिटून, "थांबा, बायकोला विचारतो."

त्या आतूनच म्हणाल्या, "नव्हतीच ना ती. म्हणून तर बाळ गव्हाणीत."

३१ डिसें., रवि.

उत्तराचे तीन मसुदे. पहिला सौ.ने ऐकला: "हे प्रवचन." दुसरा: "हा टोमणा, गोड बोलून." तिसऱ्यात 'माझ्या हातून कार्डांची अदलाबदल झाली' असं सरळ लिहिलं. ती म्हणाली, "खरं आहे. पण त्यांनी हे विचारलंय का?"

नाही. त्यांनी हे विचारलेलं नाही.

वासंतीनं कोरं पोस्टकार्ड माझ्यापुढून ओढून घेतलं. मोठ्या सुट्या अक्षरांत लिहीत होती, पहिलीच्या पुस्तकासारखी, कमी वाचता येणाऱ्याला लागावी अशी. मी बघणार नव्हतो. पत्ता घालायला माझ्याकडे आलं तेव्हा दिसलं:

'आई, तिची आई कुठे होती ते इथे कुणालाच माहीत नाही. तुला काय वाटतं ते सांग. मला भीती वाटते. वासंती.'

पत्ता घातला. नानांच्या नावानं, नेहमीप्रमाणे. ते वाचून दाखवतील, किंवा दाखवणार नाहीत.

३ जानेवारी ७३, बुध.

काल वासंतीला कळा आल्यासारखं वाटलं; खोट्या निघाल्या. प्रकाशला तार करू नका म्हणाली.

जामखेडहून काही नाही. पत्र पोचायला दोन दिवस, विहीणबाईंना निघायचंच झालं तर एक. मनाशी हिशेब केला, करायला नको होता.

दुपारी आत गेलो तर सौ. वासंतीच्या खाटेशेजारी जमिनीवर दुसरी गादी घालत होती. तिची स्वतःची पलीकडच्या खोलीत तशीच. विचारलं, "ही कोणासाठी?"

"तुम्हांला काय करायचंय," ती म्हणाली. "चादरीचं ते टोक धरा."