पडद्यामागचा पुरावा

२ मार्च
गेल्या वर्षी याच महिन्यात मी सोसायटीचे सचिवपद हरलो. नऊ घरांनी शब्द दिला होता. मते पडली दोन. त्यातले एक माझे. म्हणजे नवांपैकी आठ गद्दार. पण कोणते आठ? मतदान गुप्त. वर्षभर जिन्यात नऊही जणांकडे डोळे वटारून पाहतो आहे. त्यामुळे एका निरपराध माणसावर अन्याय होतो. मनाला पटत नाही.

५ मार्च
उपाय सापडला. मतदाराला मतपत्रिकेसोबत सेल्फी काढू द्यावी. माझे मत, मी दाखवीन. अभिव्यक्तिस्वातंत्र्य! तीन पानी टिपण लिहिले. मत देताना फोन नेऊ नये हा नियम मी सचिव असताना मीच केला होता, कोणावर दडपण येऊ नये म्हणून. असो. विचार करणारा माणूस बदलतो.
स्वतःला प्रामाणिकपणे विचारले, हा सूड तर नव्हे? बराच वेळ विचार केला. नाही. पारदर्शकता.
टिपण बायकोला वाचून दाखवले. म्हणाली, अहो, लोकांना तोंड लपवायला एवढा एक पडदा आहे, तोही काढताय? म्हटले, म्हणूनच.

११ मार्च
सभा. ठराव मांडला. दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई म्हणाल्या, एकदा फोटो काढता आला की उद्या कोणीही दाराशी येऊन ‘दाखव’ म्हणेल, आणि नाही म्हणायची सोय राहणार नाही. मी म्हटले, सज्जनाला कसली भीती? सध्याचा सचिव, म्हणजे मला पाडणारा दातांचा डॉक्टर (मी त्याला मनात कवळीवाला म्हणतो), हसून म्हणाला, काढू द्या हो, हौसेला मोल नसतं. ठराव मंजूर.
हसला, पण आतून हादरलेला होता. मला कळते.

१४ मार्च
नऊही घरी जाऊन आलो. दडपण मुळीच आणले नाही. एवढेच म्हटले, फोटो पाठवलात तर आनंद होईल, नाही पाठवलात तर लक्षात राहील. मेहुणा चौथ्या मजल्यावर राहतो. म्हणाला, भाऊजी, एकच कशाला, चार अँगलने पाठवतो.
निवडून आल्यावरची कामे ठरवली. फोटो न पाठवणाऱ्याची स्कूटर टाकीखाली, जिथे गळते तिथे. वकीलबाईंच्या कुंड्या जिन्यातून खाली. कवळीवाल्याच्या दवाखान्याची पाटी नियमापेक्षा दोन बोटे मोठी आहे. मी मोजली आहे.

२१ मार्च, दुपार
मतदान. फोटो येताहेत. पाच. सात. नऊच्या नऊ! प्रत्येकात माझ्या नावापुढे फुली. मेहुण्याने खरोखरच चार पाठवले. डोळे भरून आले. वर्षभर या देवमाणसांचे किती वाईट चिंतले! मी तर फोटोआधी माझ्या चिठ्ठीवर सहीसुद्धा केली. पुराव्यात संदिग्धता नको.

२१ मार्च, संध्याकाळ
मोजणी. बावीस घरे. कवळीवाला वीस. मी एक. बाद एक.
मोजणीला बसलेले निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, चिठ्ठीवर सही असली की मत बाद. नाव वाचले नाही. माणूस भला. नियम माझाच.
फेरमोजणी मागितली. एकच.
मग हे नऊ फोटो काय आहेत, असे विचारले. पोस्टमास्तर म्हणाले, आज काय झालं होतं कोण जाणे, लोकांचे हात थरथरत होते. पडद्याबाहेर यायचे आणि म्हणायचे, चुकलं हो, दुसरी चिठ्ठी द्या. पहिली फाडून टाकत होतो. किती जण, म्हणून विचारले. म्हणाले, मोजले नाहीत, पण टोपली भरली.

२२ मार्च
आज एकेकाला बघून घ्यायचे ठरवले होते. पण तोंड धुवायच्या आत मेहुणा दारात. भाऊजी, ते एक मत माझं बरं का. फोटो पुढे केला. चहा दिला. तो उठतो तोच औषधांचे दुकानदार. ते एक मत माझं. फोटो. चहा. दुपारपर्यंत नऊ जण, नऊ फोटो. आठ खोटारडे, हे नक्की. पण कोणते आठ? पुरावा प्रत्येकाच्या खिशात, आणि तो ठेवायला लावला मीच. त्यातल्या खऱ्या माणसाचा बळी कसा देऊ? नऊही जणांचे आभार मानले.
बायको म्हणाली, गेल्या वर्षी निदान दूध तरी वाचलं होतं.

२३ मार्च
कवळीवाला आला. जिने चढून घामाघूम. म्हणाला, राग धरू नका. स्वतःच्याच नावापुढे फुली मारायला मला लाज वाटते, म्हणून तुमच्या नावापुढे मारतो. गेल्या वर्षीही तुम्हालाच दिलं होतं. फोटोबिटो काही काढला नाही, त्यात दाखवण्यासारखं काय?
खोटे बोलून याला काय मिळणार, याचा विचार केला. काही नाही. हिशोबही करून पाहिला. बावीसातून तो आणि मी वगळले की वीस.
बसा म्हणावे लागले. त्याने गार पाणी मागितले.
साधे दिले.