एक बादली वाळवंट

२ मार्च, सोमवार, दुपार
ही रोजनिशी जानेवारीतच सुरू करायची होती. मग म्हटलं, आधी काहीतरी घडू दे. घडलं नाही. फेब्रुवारीत पेन सापडेना. आज ते भाचीच्या कंपासपेटीत मिळालं. तिथे कोणी ठेवलं, ते शोधून काढणार.

नवे नियम: पहाटे उठणे. कमी बोलणे. कोणावरही विश्वास न ठेवणे.

नोकरीची नोंद. मी एका पर्यावरणस्नेही कंपनीत ऑफिस-मदतनीस आहे. लोकांच्या ऑफिसची कामं आपण आपल्या खोलीत बसून करायची. म्हणजे ताईच्या घरातल्या वरच्या खोलीत. प्रवास नाही, प्रिंटर नाही, कागद नाही. कागदाला फारच बंदी, म्हणून ही वही गादीखाली. लॅपटॉप कंपनीचा. त्यात एक हिरवा मीटर आहे. आपण किती वीज खाल्ली ते कंपनीच्या मॅडमना कळतं. वीजच कळते म्हणे. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावून टाकली.

३ मार्च, मंगळवार
मोठं काम आलं. एका ट्रॅव्हल कंपनीला एका वाळवंटी राज्याची प्रोफाइल हवी आहे. हवा, पाणी, घरं, माणसं, सगळं. मलाच का दिलं? तर मुलाखतीत मी म्हणालो होतो की तिथे सहा महिने राहून आलोय. अगदीच खोटं नाही. त्या बाजूला जाणाऱ्या बसमध्ये बसलो होतो. मधल्या एका स्टँडवर पत्त्यांचा डाव रंगला, बस निघून गेली. मनाने मी पुढे गेलोच होतो.

१४ तारखेला द्यायचंय. दिलं तर नोकरी पक्की. नाही तर भाऊजींचं गाद्यांचं दुकान. भाऊजी म्हणाले, घाबरू नकोस, गाद्यांचा तुझा अनुभव दांडगा आहे. कापसाने मला शिंका येतात हे त्यांना माहीत आहे. म्हणूनच.

५ मार्च, गुरुवार
चॅटवर एक सहकारी आहे. त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका कधी म्हणता कधी विझत नाही. मी त्याला ठिपकाच म्हणतो. आज आपणहून विचारतोय, वाळवंटाचं काम तुला मिळालं ना? काही मदत हवी का? तू तिथे कुठल्या भागात होतास? सरळ माणूस इतके प्रश्न विचारतो का? मी लिहिलं, मधल्या. तर म्हणे, मधल्या म्हणजे कुठे? मी लॅपटॉपच बंद केला. मीटर खूश.

काम आजच सुरू होणार होतं. पण उंटाला नाकपुड्या मिटता येतात असं वाचनात आलं. दुपारभर प्रयत्न केला. नाक नाही जमलं. डावा कान हलला.

८ मार्च, रविवार
पहिलं वाक्य तयार: ‘वाळवंटात वाळू असते.’ ठाम आहे. ठिपक्यालाही खोडता येणार नाही. पुढचं अडलंय, कारण वातावरण नाही. म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, पाणी बंद. पाणी लगेच परत सुरू केलं. ताई म्हणाली, घामच गाळायचाय ना, मग खाली ये, भांडी पडलीत. कलेची कदर नाही या घरात.

९ मार्च, सोमवार, सकाळ
शेजारच्या बांधकामावरून एक बादली वाळू आणली. वॉचमनने विचारलं, कशाला? म्हटलं, ऑफिसचं काम आहे. तो बराच वेळ बघत राहिला. ठिपक्याचा माणूस असू शकतो. वाळू टेबलाभोवती पसरली. अनवाणी फिरलो. दुसरं वाक्य जवळ आल्यासारखं वाटतंय. फक्त वाळवंटी वारा हवा. टेबलफॅन लावतो.

तोच दिवस, दुपार
टेबलफॅन लावायला नको होता.

११ मार्च, बुधवार
लॅपटॉप आधी कुरकुरत होता, आता मुका झालाय. दुरुस्तीवाल्याने उलटा करून हलवला, तर धार लागली वाळूची. म्हणाला, समुद्रावर फिरायला नेला होता का? मी म्हटलं, घातपात आहे. तो म्हणाला, असू दे, आठवडा लागेल.

भाची म्हणते, मामा, तुझं वाळवंट माझ्या दप्तरात आलंय. ताईने केरसुणी माझ्या दारात आणून ठेवली. भाऊजींनी दुकानातलं एक स्टूल पुसून ठेवलंय म्हणे.

१२ मार्च, गुरुवार
मॅडमचा फोनवर मेसेज. तुमचा मीटर शून्यावर कसा? मी सुचलं ते लिहिलं: तत्त्व म्हणून लॅपटॉप बंद ठेवलाय. प्रोफाइल डोक्यात लिहितोय. वीज नाही, कागद नाही.

मॅडम भारावल्या! सगळ्या ग्रुपवर टाकलं, हा आपला सर्वांत हिरवा मदतनीस. टाळ्यांचा पाऊस. ठिपक्याने टाळी वाजवली नाही. नुसतं लिहिलं, ऐकायला फार आवडेल. जळतोय.

१३ मार्च, शुक्रवार
योजना. उद्या घसा बसणार. घसा बसला की डोक्यातलं सांगता येणार नाही. भाचीकडून खोकला शिकतोय, शाळा बुडवायच्या खोकल्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. म्हणाली, मामा, तू खोकल्यावर लगेच बघतोस कोणाकडे? पकडला जाशील.

१४ मार्च, शनिवार, सकाळ
मॅडमना कळवलं, आवाज गेलाय, प्रोफाइल मात्र डोक्यात सुरक्षित. उत्तर आलं, काळजी नको, सोय केली आहे. कसली सोय, विचारलं. त्यांनी नुसतं हिरव्या पानाचं चित्र पाठवलं. ह्यात काहीतरी आहे.

थोड्या वेळाने
बेल वाजली. कोणीतरी सायकलवरून आलंय. ताईने जिन्यातून हाक मारली, अरे ए, तुझ्या ऑफिसातले आलेत, तुझ्या डोक्यातलं उतरवून घ्यायला! आवाज गेलाय तर हळू कुजबुजून सांग म्हणतायत!

दाराच्या फटीतून ऐकतोय. त्याने नाव सांगितलं. ठिपका! बोलणं साधं आहे. हे जास्त वाईट. भाऊजींनी विचारलं, तुम्ही मूळचे कुठले? तर म्हणे, त्याच वाळवंटातला, जन्म तिथला, म्हणून तर मदत हवी का विचारत होतो, ते बहुधा फार बिझी असतात. त्याची आई अजून तिथे राहते, दिवसभर घरातली वाळू झाडून बाहेर काढते म्हणे. भाची पटकन म्हणाली, आमच्याकडे मामा आत आणतो.

आता भाऊजी त्याला सांगतायत, जा वर, गादीवरच असेल.

जिन्यावर पावलं. खोकला नेमका कसा होता ते आठवत नाहीये. गादी उभी करून तिच्याआड बसून लिहितोय. शिवण उसवली आहे. कापूस. शिंक येणार