बाकावरची पाण्याची बाटली

फ्रेजरपुरा, अमरावती
८ डिसेंबर २०२५

ती. दादास,
वर्षाचा स. जयभीम वि. वि.

फोन असताना पत्र काहून, असं तू म्हणशील. फोनवर मले रडू येते, मग तू चिडतोस, अन् मुद्द्याची गोष्ट तशीच राहून जाते. म्हणून शांतपणे लिहून राहिली. आईले वाचून दाखव, फक्त मधला भाग गाळ.

उत्पला परवा दवाखान्यातून घरी आली. आता जेवते, खेळते, पण पाय अजून दुखतात. तिच्या सिकलसेलचं तुले माहीतच आहे. थंडी लागली, पाणी कमी पडलं की हाडं ठणकतात. डॉक्टरांनी पहिल्यापासून बजावलं आहे की दिवसभर घोटघोट पाणी पाहिजे, अन् दमेपर्यंत धावायचं नाही.

यंदा शाळेनं नियम काढला की पाण्याच्या बाटल्या व्हरांड्यात ठेवायच्या अन् मधल्या सुट्टीतच प्यायच्या. लघवीलेही तेव्हाच जायचं. पोरं तासाला उठून गोंधळ घालतात म्हणे. चौथीतली पोरगी बाईंसमोर काय बोलणार? त्या दिवशी हिले प्रार्थनेले उशीर झाला, तर कवायतीच्या सरांनी मैदानाला चकरा मारायले लावल्या. दुपारी वर्गातच पाय धरून आडवी झाली.

मी मोठ्या बाईंना भेटली. वाईट नाही बोलल्या, खुर्ची दिली, चहाचं विचारलं. पण म्हणाल्या की हिची हजेरी फार कमी पडते, तुम्हीच दाखला काढून हिले वेगळ्या शाळेत टाका, आमच्यानं ही जबाबदारी झेपत नाही. मी विचारलं, वेगळी म्हणजे कोणती? पोरीचे पाय दुखतात, डोकं तर वर्गात सगळ्यात पुढं चालते. त्या कागद चाळत राहिल्या.

घरचे म्हणतात की काढू दाखला, कटकट नको. एसटी डेपोत अख्खं इंजिन उघडणारा माणूस, पण भांडणाचं नाव काढलं की चप्पल घालून बाहेर. तू स्वतः मुख्याध्यापक आहेस. खरं सांग, शाळेले असं करता येते का?

वहिनीले जयभीम. तुझा जीव आमच्यावर आहेच, तसाच राहू दे.
तुझी,
वर्षा


अकोला
१६ डिसेंबर २०२५

चि. वर्षास,
दादाचा सप्रेम जयभीम.

मधला भाग गाळताना माझा आवाज अडखळला अन् आईनं ओळखलं. सगळं पत्र वाचावं लागलं. तिचा निरोप असा की नातीले चकरा मारायले लावणाऱ्या सरले अकोल्याले पाठव. मी तो फक्त पोचवतो आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, शाळेला असं करता येत नाही. शिक्षण हक्काच्या कायद्यानं आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. अंगाला त्रास होईल अशी शिक्षाही करता येत नाही. आणि सिकलसेल हा आजार अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात नाव घेऊन नमूद केलेला आहे. तू स्वतः दाखला मागितलास, तर मात्र शाळा मोकळी. म्हणून आमच्या जावयांना, कुलदीपरावांना सांग, कशावरही सही करू नका.

पण शाळेची बाजूही ऐक. वर्गात मूल कोसळलं तर काय करायचं, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नसतं. काही विपरीत घडलं तर पहिला जमाव मुख्याध्यापकाच्या दारात येतो. तुझ्या मोठ्या बाई कदाचित दुष्ट नसतील, भ्यायलेल्या असतील. भ्यायलेल्या माणसासमोर नुसता कायदा नाचवला तर तो दार लावून घेतो.

माझं मत विचारशील तर एकट्या उत्पलासाठी काही मागू नको. एकीसाठी मागितलं की ते उपकार होतात, आणि उपकार कधीही काढून घेता येतात. सगळ्या मुलांसाठी नियमच बदलून माग. त्यासाठी आधी दुसरे पालक शोध. तू एकटी नसशील.

पोरीचे पाय शेकत जा. तुम्हा तिघांचं क्षेम कळत राहो.
तुझा,
धर्मपाल


अमरावती
१९ जानेवारी २०२६

ती. दादास,
स. जयभीम वि. वि.

तुझं खरं निघालं. शाळेच्या फाटकाजवळ उभी राहून राहून मी बायांशी बोलली. अमरीनभाभीची इफ्फत सहावीत आहे. तिले साखरेचा आजार, मधेच काही खावं लागते, तर पोरगी बाकाखाली वाकून चोरून बिस्किट खाते. भाभी म्हणाल्या की बीमारी हमारी बच्ची को है, और शरम भी उसी को करनी पडती है. इतर बायांच्या पोरी तर लघवीले जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. आजार नसलेल्या पोरींचे हे हाल.

पालकसभेत आम्ही पुष्कळ जणी गेलो. मी बोलायले उठली अन् पाठ केलेलं सगळं विसरली. मग साध्याच भाषेत म्हटलं की तहान घंटा पाहून लागत नाही. मागून एका बापानं आवाज टाकला की शिस्त पाहिजे, उद्या पोरं वर्गात जेवण मांडतील. सगळे हसले. अमरीनभाभी उठल्या, इफ्फतची सुई सगळ्यांना दाखवली, ती कधी अन् काहून टोचावी लागते ते सांगितलं. मग कोणी हसलं नाही.

मोठ्या बाईंनी पाणी अन् लघवीचं तिथंच मान्य केलं. हजेरी कमी म्हणून कोणाले काढणार नाही, हे लिहून द्यायले मात्र तयार होईनात. आम्ही शिक्षणाधिकारी कार्यालयात अर्ज दिला. तिथून एक मॅडम आल्या अन् बाईंना म्हणाल्या की आजारपणामुळे कोणाचा दाखला काढायला लावता येणार नाही, उलट बुडालेला अभ्यास तुम्ही घरी पोचवायचा. आता फलकावर सूचना लागली. डॉक्टर येऊन शिक्षकांना दुखण्याची लक्षणंही सांगून गेले. ते ऐकल्यावर मोठ्या बाई मले म्हणाल्या की हे आधी कळतं तर मी इतकी घाबरली नसती. कवायतीचे सर अजून तोंड वाकडं करतात. करू दे.

पण दादा, ज्या पोरीसाठी हे केलं तीच रुसली आहे. सभेनंतर वर्गातली पोरं तिले ‘पेशंट’ म्हणायले लागली. ती मले म्हणाली की आई, तू जिंकली अन् मी हरली. तेव्हापासून शाळेचं काही सांगत नाही. घरच्यांनी पहिल्यांदा माझी बाजू घेतली, तिले म्हणाले तुझ्या आईनं बरोबरच केलं. तरी माझं मन खाते. तिले विचारून करायले पाहिजे होतं का?

जमलं तर तूच तिले दोन शब्द लिही. मामाचं ती ऐकते.
तुझी,
वर्षा


अकोला
९ फेब्रुवारी २०२६

चि. उत्पलास,
मामाचा गोड पापा.

तुला उपदेश करणार नाही. एक घडलेली गोष्ट सांगतो.

तुमच्या शाळेच्या सूचनेबद्दल तुझ्या आईच्या पत्रात वाचून मी माझ्याही शाळेत तसा नियम केला, आणि पालकांना सांगितलं की कोणाला आजार असेल तर न भिता सांगा. दुसऱ्या दिवशी पुंजाजी नावाचे गृहस्थ आले. बाजारात भाजी विकतात. त्यांची मुलगी नववीत आहे, तिलाही सिकलसेल आहे. शाळा काढून टाकेल या भीतीनं त्यांनी इतकी वर्षं लपवलं होतं. मुलगी दुखायला लागलं की पोट बिघडलं असं सांगून घरी राहायची. आम्ही सगळे तिला आळशी समजत होतो.

आता तिची बाटली बाकावर आहे. पण वर्गात कोणाशी बोलत नाही. मुलं काय म्हणतील, याची धास्ती आहे. तिला काय सांगावं, मला सुचत नाही. मला कधी तसं दुखलं नाही. तुला दुखलं आहे. तू सांगशील?

आजी तुझी आठवण काढते.
तुझा,
मामा


अमरावती
२२ फेब्रुवारी २०२६

प्रिय मामास,
उत्पलाचा शिरसाष्टांग जयभीम. (आजीलापण.)

आईने लिहायला सांगितले नाही, मी स्वतः लिहीत आहे. तुमचे पत्र वाचून मी वर्गात बाईंना विचारून उभी राहिली आणि सगळ्यांना सांगितले की माझ्या रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या होतात आणि नसांमध्ये अडकतात. फळ्यावर चित्र काढले. मग वर्गातली कौशल्या म्हणाली, तुला हात लावला तर आम्हाला होतो का. मी म्हटले, नाही होत. मग ती माझ्याच बाजूला येऊन बसली. दोन मुले अजून पेशंट म्हणतात, पण आता त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. आईशी मी परवापासून बोलते.

त्या ताईला सांगा की मी तिच्यापेक्षा लहान आहे, पण मला हे माहीत आहे. दुखायला लागले की लगेच सांगायचे. लपवले तर दोनदा दुखते, एकदा हाडात आणि एकदा एकटीला. आणि तिला म्हणावे, वर्गात कोणीच बोलत नसेल तर मला पत्र लिही. मी उत्तर देईन.

तुमची,
उत्पला